आपलंच नाव किती वेळा विकत घ्यायचं?

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. गुडघ्याचं दुखणं होतं, ते जरा कमी आहे. पण आज त्यावर नाही. आज मी चिडलेलो आहे. चिडून लिहिलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायचं आणि मगच इथे टाकायचं, असा माझा नियम. हे मी दोनदा वाचलं, राग काही उतरला नाही, म्हणून टाकतो आहे.

झालं असं. पंधरा दिवसांपूर्वी संध्याकाळी शब्दकोडं घेऊन बसलो होतो, तर माझा एक जुना विद्यार्थी दारात. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. काटोलच्या बाजूला त्याची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराचा भाव पडला त्या वर्षी वैतागून त्याने घरातच संत्रा बर्फी, मुरंबा आणि स्क्वॅश करायला सुरुवात केली. मालाला आपल्या आजीचं नाव दिलं, कारण बर्फीची रीत तिचीच. पुढे वेबसाइट काढली. आता माल पुण्यामुंबईला जातो, आणि गेल्या दोन दिवाळ्यांत दुबईतल्या काही मराठी घरांतही गेला. चार बायका आणि दोन पोरं कामावर आहेत. कळमेश्वरसारख्या गावात ही लहान गोष्ट नाही.

"सर, हे वाचा न. चीनमधला कोणी माह्या आजीच्या नावानं दुकान काढून राहिला."

मोबाइलवर इंग्रजी पत्र होतं. आपलं बी.ए. मराठी माध्यमातलं, पण एवढं इंग्रजी समजतं. मजकूर असा की, आम्ही चीनमधलं नाव-नोंदणी कार्यालय आहोत. एका कंपनीने तुमचं नाव चीन, हाँगकाँग, तैवान यांच्या पत्त्यांखाली मागितलं आहे. तुमची हरकत असेल तर सात कामाच्या दिवसांत कळवा आणि ती नावं स्वतः घेऊन टाका. नाहीतर आम्ही त्यांना देऊन टाकू. भाषा अगदी सरकारी. शेवटी कोणा अधिकाऱ्याची सहीसुद्धा.

"पैसे भरून टाकू का सर? किती मागते ते पाहू तरी."

मी म्हटलं, थांब. पुण्याच्या भाचीला फोन लावला, ती याच क्षेत्रात आहे. पहिल्या दोन ओळी ऐकून ती हसायलाच लागली. म्हणाली, "मामा, या पत्राला आता मिसरूड फुटून त्याचं लग्नाचं वय झालं. वीस वर्षांपासून फिरतंय ते जगभर. कोणी कंपनी नाही, कोणी नाव मागितलेलं नाही. घाबरवून नावं विकायचा धंदा आहे." पोराचा जीव भांड्यात पडला.

माझा नाही पडला. कारण भाची पुढे जे म्हणाली ते मला जास्त लागलं. ती म्हणाली, "पण मामा, तसं बघितलं तर जमतील तेवढ्या देशांत नाव घेऊन ठेवलेलं बरंच असतं." म्हणजे लबाड माणूस धमकी देऊन जे विकतो, तेच शहाणी माणसं सल्ला म्हणून देतात! हा सल्ला मी नंतर किती ठिकाणी वाचला, सांगता सोय नाही. ब्रँड जपायचा तर प्रत्येक देशात नाव घ्या, चुकीच्या स्पेलिंगांचीही घ्या, नवीन शेपट्या येतील तशा घेत जा. मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो. निदान आपल्यासारख्यांच्या बाबतीत तरी.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही अशा नातेवाईकांसाठी थोडक्यात सांगतो. इंटरनेटवरच्या पत्त्याला शेवटी आडनाव असतं. डॉट कॉम हे सगळ्यांना मोकळं. शिवाय प्रत्येक देशाला दोन अक्षरांचं स्वतःचं आडनाव आहे. भारताचं इन, चीनचं सीएन, जर्मनीचं डीई. अशी देशांची आडनावं अडीचशेच्या आसपास आहेत. काही देशांनी तर आडनावाचाच बाजार मांडला. तुवालू या चिमुकल्या बेटांच्या देशाचं आडनाव टीव्ही, ते दूरदर्शनवाल्यांना विकून तो देश पैसे कमावतो. अँग्विला नावाच्या बेटाचं आडनाव एआय, आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत त्यांची लॉटरीच लागली. कोलंबियाचं आडनाव सीओ, ते २०१० साली सगळ्या जगाला खुलं झालं. कॉम लिहिताना शेवटचा एम राहिला की माणूस थेट कोलंबियात! मधला ओ राहिला तर कॅमेरून, सुरुवातीचा सी राहिला तर ओमान. त्यात २०१२ साली नव्या आडनावांसाठी अर्ज मागवले गेले, आणि आज अशी नवी आडनावं हजारावर आहेत.

आता हिशोब करा. एक पत्ता वर्षाला साधारण हजार रुपये धरा. काही देशांचे याहून बरेच महाग आहेत, काही देश तिथला रहिवासी असल्याशिवाय देतच नाहीत. तरी नुसत्या देशांचे अडीच लाख होतात. दरवर्षी. एका वर्षी भरायचं राहिलं की ते नाव पुन्हा बाजारात. संत्रा बर्फी विकून अडीच लाख कुंपणाला घालायचे?

आणि आपल्या भाषेची एक वेगळी अडचण आहे, ती या सल्लागारांच्या ध्यानातच येत नाही. इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग ठरलेलं असतं. आपल्या नावांचं रोमन लिपीत काहीच ठरलेलं नाही. आपलं कळमेश्वरच घ्या. ळ साठी एल, पण ळ नंतर ए घालायचा की नाही? श्व मध्ये एच हवा की नको? व साठी व्ही की डब्ल्यू? एवढ्यातच आठ प्रकार झाले. चौतीस वर्षं मी हजेरीपट पाहिलेत, एकाच घरातल्या दोन भावांच्या आडनावाचं स्पेलिंग दोन तऱ्हेचं असतं. म्हणजे दुसऱ्याच्या नावावर डल्ला मारणाऱ्याला आपल्या प्रत्येक नावात सात-आठ दारं उघडी. ती सगळी विकत घेऊन बंद करणार? आठ गुणिले अडीचशे... गणिताचे सर हयात असते तर त्यांना विचारलं असतं.

२०१४ साली डॉट भारत हे देवनागरी आडनाव आलं, तेव्हा मला फार आनंद झाला होता. तिथे स्पेलिंगचा प्रश्नच नाही. पण किती दुकानदारांनी घेतलं, आणि गिऱ्हाईक तरी देवनागरीत टाइप करून कुठे शोधतं... असो. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

कोणी म्हणेल, गुरुजी, ही अलीकडची भानगड आहे, कायदा यायला वेळ लागणारच. अलीकडची कसली? आपल्या मुंबईतच हे १९९९ साली कोर्टात गेलं. रेडिफ ही मुंबईची कंपनी, तिचं रेडिफ डॉट कॉम. दुसऱ्या कोणी एक अक्षर बदलून रॅडिफ डॉट कॉम घेतलं, म्हणजे ई च्या जागी ए. मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी सांगितलं की आमचं नाव स्वतंत्र आहे हो. 'रॅडिकल'ची पहिली तीन अक्षरं, मग 'इन्फर्मेशन', 'फ्यूचर' आणि 'फ्री' यांचं एकेक. मी हे वाचलं आणि पोट धरून हसलो. वर्गात मुलं शब्दांच्या व्युत्पत्त्या अशाच ठोकून देत! न्यायालयाने ती मानली नाही. इंटरनेटवरचं नाव म्हणजे नुसता पत्ता नव्हे, व्यापारचिन्हासारखंच संरक्षण त्याला मिळालं पाहिजे, असं सांगितलं.

त्याच वर्षी दिल्लीत याहूचा खटला झाला. याहूचं नाव ६९ देशांत नोंदलेलं किंवा नोंदीच्या रांगेत होतं, भारतात मात्र नोंद झालेली नव्हती. शिवाय आपला तेव्हाचा चिन्हांचा कायदा १९५८ चा, तो वस्तूंना लागू, सेवांना नाही. तरीही न्यायालयाने याहूइंडिया वापरणाऱ्याला थांबवलं, कारण आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवायचा नाही हे जुनं तत्त्व होतंच. ६९ देश धरूनही सत्तरावा राहिलाच, आणि त्या राहिलेल्या देशात कामी आलं ते तत्त्व.

टाइम्स ऑफ इंडियाचं प्रकरण तर सातासमुद्रापलीकडचं. अमेरिकेतल्या मंडळींनी टाइम्स ऑफ इंडिया आणि इकॉनॉमिक टाइम्स यांच्या आधी नुसता इंग्रजी 'द' जोडून पत्ते घेतले. (मराठीत असली उपपदं नाहीत, हे आपलं भाग्य.) जगभरच्या अशा तंट्यांसाठी १९९९ साली एक नियमावली झाली होती. त्याखाली जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे तक्रार गेली, आणि मार्च २००० मध्ये दोन्ही नावं मुंबईच्या कंपनीला मिळाली. इथे लक्षात घ्या, या नियमावलीत चिन्ह कुठल्या देशात नोंदलं आहे याला महत्त्व नाही. तीनच गोष्टी दाखवायच्या: नाव माझ्या चिन्हासारखं आहे, घेणाऱ्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं. भारतात नोंदलेलं एक चिन्ह डॉट कॉमसाठी पुरतं. कोलंबिया, तुवालू, अँग्विला यांनीही हीच नियमावली मानली आहे. आपल्या डॉट इनसाठी २००५ पासून अशीच वेगळी व्यवस्था आहे, आणि तिथे 'घेतलं किंवा वापरलं' एवढं दाखवलं तरी चालतं, जे फिर्यादीला सोपं.

मग अडीचशे ठिकाणी खरेदी करायला कशाला सांगता? नागपूरला चिन्हाच्या अर्जाची कामं करणाऱ्या ओळखीच्या वकिलांना विचारलं. लहान उद्योगाला एका वर्गात चिन्हाच्या ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये. एकदा नोंद झाली की दहा वर्षं. हे खरं कुंपण.

पण आता माझ्या रागाचं खरं कारण. कुंपण आहे, पण ते तोडणाऱ्याला शिक्षा नाही.

जिनिव्हाकडे तक्रार करायची तर एका पंचाची फी १,५०० डॉलर. सव्वा लाख रुपयांहून जास्त. वकिलाचे वेगळे. जिंकलात तर काय मिळतं? तुमचंच नाव. खर्च नाही, भरपाई नाही. आणि ज्याने हजार रुपयांत ते नाव अडवलं त्याचं काय जातं? हजार रुपये! म्हणून तो पन्नास हजार मागतो. सव्वा लाखापेक्षा पन्नास हजार स्वस्त, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत त्या संघटनेकडे सहा हजारांवर तक्रारी गेल्या. जे तक्रार न करता गुपचूप पैसे देऊन मोकळे झाले, त्यांची मोजदाद कुठे?

शिवाय समोरचा आहे कोण हे तरी कुठे कळतं? पूर्वी पत्ता कोणाच्या नावावर आहे हे कोणालाही बघता येत असे. २०१८ साली युरोपचा खासगी माहितीचा कायदा आला आणि बहुतेक नावांवर पडदा पडला. आपल्या कोर्टात अनोळखी प्रतिवादीला 'अशोक कुमार' म्हणायची रीत आहे. बर्फी विकणारा माणूस कोणत्या देशातल्या अशोक कुमारला शोधायला निघणार? मोठ्यांचं ठीक आहे. आपल्या नागपूरकरांच्या जिभेवरचं हल्दीराम घ्या, दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ साली ते सुप्रसिद्ध चिन्ह म्हणून जाहीर केलं. त्यांच्याकडे वकिलांची फौज असते. आमच्या पोराकडे एक स्कूटर आणि एक शिजवायची कढई.

अमेरिकेने १९९९ मध्येच कायदा करून ठेवला, अडवलेल्या प्रत्येक नावामागे एक हजार ते एक लाख डॉलर भरपाई. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या खटल्यात मे २००४ मध्ये स्पष्ट नोंदवलं की नावांच्या तंट्यांसाठी भारतात वेगळा कायदा नाही, आणि आपल्या चिन्ह-कायद्याचा हात देशाबाहेर पोचत नाही. (त्या खटल्यातही सिफीच्या जागी दोन एफचं सिफी घेणाऱ्याने सांगितलं होतं की हे आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांचं आद्याक्षर आहे!) त्या निकालाला वीस वर्षं उलटून गेली. वेगळा कायदा अजून नाही. तेव्हा माझ्या वर्गात पाचवीत असलेली मुलं आता बाप झाली.

या विषयावर न्यूजर्सीच्या पुतण्याशी फोनवर माझं चांगलंच वाजलं. तो म्हणतो, "काका, जमीन ज्याने आधी घेतली त्याची. २०२३ मध्ये दिल्लीच्या त्या पोराने जिओहॉटस्टार डॉट कॉम घेऊन ठेवलं, पुढे काय होणार हे त्याने ओळखलं. हुशारी आहे ही." ऑक्टोबर २०२४ मध्ये ते प्रकरण सगळीकडे गाजलं होतं. पोराने केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला, कंपनी कोर्टाची भाषा बोलू लागली, मग ते नाव दुबईच्या दोन लहान भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते फुकट द्यायची तयारी दाखवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच नावाने ती सेवा सुरू झाली. खरं सांगतो, तेव्हा मलाही त्या मुलाचं कौतुकच वाटलं होतं. एवढ्या धनाढ्य कंपनीला एका पोराने कोड्यात टाकलं, कोणाला गंमत वाटणार नाही? पण तोच न्याय आजीच्या नावाला लावून बघा. जमीन घेऊन नांगरली तर ती तुझी, मान्य. दुसऱ्याच्या दारासमोरची चार फुटांची पट्टी घेऊन, 'आता तू घरात कसा जातोस पाहू' म्हणायचं, याला आमच्याकडे हुशारी म्हणत नाहीत. धुरा कोरणं म्हणतात.

पुतण्याचं एक म्हणणं मात्र मी मान्य केलं. आधी घेणारा प्रत्येक जण चोर नसतो. उझी निसान नावाच्या अमेरिकेतल्या गृहस्थांनी १९९४ साली स्वतःच्या आडनावाने निसान डॉट कॉम घेतलं. पुढे मोटारींच्या निसान कंपनीने त्यांना एक कोटी डॉलरचा दावा लावला. वर्षानुवर्षं ते लढले आणि पत्ता राखला. २०२० साली वारले. उद्या कोणी मोठी कंपनी आमच्या पोराच्या आजीचंच नाव घेऊन उभी राहिली, तर त्याचंही हेच होईल. कायदा हवा तो दोन्हीकडे बघणारा, दांडग्यांचीही पट्टी ओढणारा.

आणि सरकारला हे जमत नाही असं म्हणू नका. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये फर्मान काढलं की सगळ्या बँकांनी ३१ ऑक्टोबरपर्यंत बँक डॉट इन या आडनावाखाली यायचं. तपासल्याशिवाय ते आडनाव कोणाला मिळत नाही. सरकारी कचेऱ्यांना गव्ह डॉट इन आधीपासून आहे. मग उद्यम नोंदणी असलेल्या लहान उत्पादकांना असं एखादं राखलेलं आडनाव का नको? नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपण पेढे वाटले. पण त्या जागतिक नियमावलीत नुसत्या भौगोलिक मानांकनावर दाद मागता येत नाही, व्यापारचिन्हच लागतं. म्हणजे नागपुरी संत्र्याच्या नावाने उद्या कोणी परदेशात बसून पत्ता घेतला, तर बागाईतदार बघतच राहणार. मानांकनासोबत राखलेलं आडनाव द्या, तंट्याची फी हरणाऱ्याकडून वसूल करा, आणि भरपाईचा कायदा करा.

आता शेवटची गंमत, म्हणजे गंमत कसली. भाचीने फोनवरच पोराला विचारलं, "तुझं डॉट कॉम आहे ना, ते कोणाच्या नावावर आहे ते बघ आधी." बघितलं. ते त्याच्या नावावर नव्हतंच! नागपूरच्या ज्या मुलाने वेबसाइट बनवून दिली, त्याने ते स्वतःच्याच नावाने आणि स्वतःच्याच ईमेलवर घेतलं होतं. दरवर्षी हा पैसे देत होता आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. कूळ म्हणून राबावं तसं. चीनच्या नसलेल्या चोराला घाबरून त्याची झोप उडाली होती, आणि किल्ली सहा वर्षं नागपुरात दुसऱ्याच्याच खिशात. त्या मुलाच्या मनात पाप नव्हतं म्हणा, दोन फोन केल्यावर त्याने फेरफार करून दिला. पण उद्या त्याने धंदा बंद केला असता, किंवा भरायला विसरला असता तर?

मग पोराने एवढंच केलं: कॉम आणि इन ही दोन नावं स्वतःच्या नावे पाच-पाच वर्षांसाठी भरली, आणि आजीच्या नावाच्या चिन्हाचा अर्ज टाकला. अर्जात रोमन स्पेलिंग कोणतं द्यायचं यावर आमची तासभर चर्चा झाली. आकाराला दोन ए की एक, यावरच अडलं होतं. मी दोनच्या बाजूने होतो. त्याने एकच दिला. म्हणाला, "आजी सही करे तं एकच काढे, सर." तिने सही तेवढी इंग्रजीत शिकून घेतली होती, मनिऑर्डरीसाठी.

चीनच्या पत्रातली मुदत मंगळवारी संपली. बुधवारी दुसरं पत्र आलं. या वेळी पाच दिवसांची मुदत आहे.